वाढत्या अंगाचा पाय

सोमवारी सकाळी माझ्या पाठीने बदलीसाठी अर्ज केला. कारण लिहिलं होतं : 'डावा पाय कृत्रिम, उजव्यापेक्षा लांब. सहा वर्षं सोसलं. दोन्ही पाय सारखे असलेल्या व्यक्तीकडे नेमणूक मिळावी.'

मला शुक्रवारी शाळेत शिक्षिका म्हणून रुजू व्हायचं होतं. पाच तास उभ्याने शिकवायचं, आणि पाठीशिवाय हजर झाल्यास नेमणूक रद्द. म्हणून मी कृत्रिम अवयव केंद्रात सुनावणीला गेले. भास्करकाका सोबत आले. माझे निर्णय आपणच घेतो, असं त्यांना वाटतं.

अधिकारी हिंगमिरेबाईंनी पाय मोजला. "दीड बोट जास्त आहे. माप चुकलं होतं का?"

"चुकेल कसं?" काका म्हणाले. "ही तेव्हा सोळाची. मीच सांगितलं, वाढत्या अंगाचा करा. हिचे गणवेशही आम्ही तसेच शिवायचो."

"मी वाढले नाही, काका."

"त्याला मी काय करू, शलाका? आणि पाठ कुणाची दुखत नाही? सवय होते."

"तुमची दुखते?" बाईंनी विचारलं.

"एकसष्ट वर्षांत एकदाही नाही."

बाईंनी ते नोंदवून घेतलं आणि अर्ज मंजूर केला. माझी पाठ काकांकडे, काकांची माझ्याकडे. दोन्ही पाठींनी सह्या केल्या.

काकांची पाठ रुंद निघाली. माझे सगळे कुडते उसवावे लागले. मंगळवारी तिला घेऊन मी लायब्ररीचा जिना दोनदा चढले. बुधवारी दुपारी तिनेही अर्ज दिला : 'सहा वर्षं राहू द्या, दोन दिवस निघत नाहीत.'

काकांनी तो अर्ज दोनदा वाचला. माझं त्यांनी कधी खरं मानलं नव्हतं, पण ही त्यांची स्वतःची पाठ होती. गुरुवारी त्यांनी, कमरेवर हात ठेवून, केंद्रात उभं राहून माझ्या कृत्रिम पायातली नळी दीड बोट कापून घेतली.

शुक्रवारी मी पाचही तास उभी राहिले. काकांच्या पाठीने तक्रार मागे घेतली.

संध्याकाळी मी माझी पाठ परत आणायला गेले. ती कॉटवर काकांसकट आडवी पडली होती. सहा वर्षांची साठलेली रजा तिने एकदम मागितली होती आणि बाईंनी दिलीही होती. चाळीस दिवस.

"अगं, कूससुद्धा बदलू देत नाही ही," काका म्हणाले.

"सवय होते, काका," मी म्हणाले, आणि त्यांची पाठ ताठ करून वह्या तपासायला बसले.