आधी खांदा दाखवा

सबनीस नव्या माणसाला भेटला की शेकहँड करता करता त्याच्या उजव्या खांद्याकडे बघायचा. तोंडाकडे नंतर. शिंपी टेप काढण्याआधी गिऱ्हाइकाकडे बघतो तसं जरा मान तिरकी करून बघायचा, आणि मनातल्या मनात त्या माणसाला एक रायफल देऊन टाकायचा. आमची पहिली भेट अमेरिकेत, ॲन आर्बरला, लॅबच्या पार्किंग लॉटमध्ये, भर जानेवारीत झाली. मी नाव सांगितलं, गाव सांगितलं, आणि हा गृहस्थ म्हणाला, "दामले, तुम्हाला टू-फॉर्टी-थ्री. त्याच्या वर जाऊ नका."

मला वाटलं, महिन्याचं घरभाडं सांगतोय.

ते रायफलचं कॅलिबर होतं. कॅलिबर म्हणजे ढोबळमानाने नळीचं तोंड केवढं, आणि म्हणून गोळी केवढी. टू-फॉर्टी-थ्री ही हरणाबिरणापुरती. नवशिक्यांना पहिल्यांदा हातात देतात ती हीच, असं पुढे मला लंचरूममध्ये कळलं. तेव्हापासून माझं आणि सबनीसचं बिनसलं. म्हणजे माझं बिनसलं, त्याला पत्ताही नव्हता.

आता हा सबनीस कोण? तर पक्का शाकाहारी. कुणाच्या वाढदिवसाच्या केकमध्ये अंडं आहे का हे विचारून वरची चेरी तेवढी खाणारा. उभ्या आयुष्यात त्याने रायफलीचा चाप ओढला नव्हता. आमच्या लॅबमध्ये मोटारींच्या स्प्रिंगा तपासायचं काम चाले. कुठल्या वस्तूला किती धक्का दिला की ती कुठे मोडते, हे बघण्यात त्याचं डोकं फार चालायचं. मी येण्याआधी, त्याच्या पहिल्याच हिवाळ्यात कुणीतरी लंचरूममध्ये शिकारीचं मासिक टाकून गेलं, ते याने वाचलं, आणि त्याच्या आयुष्यात जणू साक्षात्कार झाला. त्याच्या घरी मासिकं येऊ लागली, कॅटलॉग येऊ लागले. वर्षभरात परिस्थिती अशी आली की मिशिगनच्या जंगलात जन्म काढलेले लोक सँडविच हातात धरून याच्या टेबलाशी येत आणि विचारत, "सॅबी, मूससाठी काय घेऊ?" मूस म्हणजे घोड्याहून उंच हरीण.

सॅबी! मी त्या लॅबमध्ये नऊ वर्षं होतो. मला अजून 'मिस्टर डॅमली' म्हणत.

"हे बघा, प्रश्न साधा आहे," असं म्हणून सबनीस सुरू व्हायचा. हे वाक्य ऐकलं की ओळखावं, लंच टाइम गेला. जनावर किती वजनाचं, चामडी किती जाड, झाडीत मारणार की उघड्यावर, किती लांबून. मग सगळ्यात शेवटी, "आता आधी खांदा दाखवा." शेवटी सांगायचं आणि म्हणायचं 'आधी'. समोरचा दांडगा माणूस निमूटपणे त्याला खांदा दाखवायचा. रायफल उडाली की मागे लाथ मारते, मॅग्नम नावाची दांडगी रायफल तर सगळ्यात जोरात. कुठला खांदा किती लाथ खाईल, यावर सबनीसचं सगळं शास्त्र उभं होतं. "तत्त्वतः मॅग्नम चांगलीच," तो म्हणायचा, "पण वस्तुतः माणूस लाथेला घाबरतो, चाप ओढायच्या आधी डोळे मिटतो. मग गोळी लागते पोटात, आणि ते बिचारं जनावर दोन दिवस रानात मरत राहतं. हा चुकीचा प्रकार आहे."

लोक माना डोलवायचे. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

खरं दुखणं सांगतो. आमचा बॉस वॉल्टर. दर वर्षी तो चार जणांना घेऊन कोलोरॅडोत एल्कच्या शिकारीला जायचा. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा अमेरिकेत जाऊन गलेलठ्ठ झालेला भाऊ. त्या कॅम्पला ज्याला बोलावलं तो आतला, आणि बाकीचे आम्ही पगार घेणारे. मला शिकारीची हौस नव्हती. मला फक्त वॉल्टरने बोलवायला हवं होतं. नुकताच मी सिटिझन झालो होतो, शपथ घेतली होती, लॉनसुद्धा वेळच्या वेळी कापत होतो, आणखी काय करायचं माणसाने?

त्या वर्षी एकाची बदली झाली आणि वॉल्टरच्या ट्रकमधली एक जागा रिकामी झाली. लंचरूममध्ये दुसरा विषय नव्हता. त्यातच सबनीसने वाद काढला. वॉल्टर अनेक वर्षं थ्री-हंड्रेड मॅग्नम वापरायचा, दणदणीत. सबनीस म्हणाला, ती सोड, सेव्हन एम-एम ओ-एट घे. नवी निघालीय, छोटी आहे, एल्कला पुरते. डेल नावाचा वॉल्टरचा जुना दोस्त होता, तो हसून हसून लाल झाला. "सॅबी, ती खारी मारायला!" पण सबनीस हटला नाही. गोळीचा धातू, वेग, वजन, सगळं कागदावर मांडून त्याने आठवडेच्या आठवडे डेलशी भांडण केलं. शेवटी वॉल्टर म्हणाला, "ऑलराइट, सायन्स म्हणतंय तर बघू." आणि त्याने खरंच छोटी घेतली.

मी त्याच आठवड्यात जाऊन थ्री-हंड्रेड मॅग्नम घेतली. म्हटलं, आता बघाच. वसुधा, म्हणजे माझी बायको, ती पेटी बघून म्हणाली, "अहो, झुरळ मारायला मला हाक मारता तुम्ही!"

शनिवारी नेमबाजीच्या मैदानावर गेलो. वॉल्टर, डेल आणि सबनीस तिथे होतेच. मी सगळ्यांच्या देखत बाकावर बसलो, रायफलीवरच्या दुर्बिणीला डोळा चिकटवला, डोळे मिटले आणि चाप ओढला. पुढचं मला आवाजापुरतंच आठवतं. मॅग्नम मागे आली आणि दुर्बिणीची कड माझ्या भुवईत घुसली. रक्त डोळ्यात आलं, ते पुसत मी सभोवार बघितलं. नेमका तेव्हा वॉल्टर माझ्यासाठी पाण्याचा थर्मास उचलत होता. उजव्या हाताने उचलायला गेला, हात छातीपर्यंतच आला आणि थांबला. त्याने कुणी बघितलं नाही ना ते पाहिलं आणि डाव्या हाताने उचलला.

मला इमर्जन्सीत सबनीसने नेलं. चार टाके पडले. परत येताना मी म्हटलं, "सबनीस, वॉल्टरचा खांदा गेलाय."

"नाही," तो रस्त्याकडे बघत म्हणाला.

"मी पाहिलं. तुम्हाला माहीत होतं. म्हणून ती छोटी रायफल, आणि तो सगळा धातूबितूचा वाद!"

"वाद खोटा नव्हता. ती पुरते एल्कला." मग सिग्नलला गाडी थांबवून म्हणाला, "दामले, मॅग्नम झेपत नाही म्हणून सोडली, असं डेलसमोर म्हणायची वेळ आली असती तर वॉल्टर शिकारच सोडणार होता. आता सायन्ससाठी सोडली. तुम्हाला दिसलं ना? मग विसरा."

खरं सांगायचं तर मला तेव्हा वॉल्टरचा हेवा वाटला. आपला कमीपणा झाकायला कुणी इतके आठवडे भांडावं, असं भाग्य मला कधी लाभलं नव्हतं.

शर्ट रक्ताने भरला होता. तसाच घरी गेलो असतो तर वसुधाने आकांत केला असता, म्हणून सबनीस मला आधी त्याच्या अपार्टमेंटमध्ये घेऊन गेला. मी पहिल्यांदाच जात होतो. कोचावर मासिकं, टेबलावर मासिकं, आणि कपाटाची एक बाजू पार रिकामी. नुसते हँगर.

"नीला वहिनी कुठे गेल्यात?"

"गेली. नाशिकला. फेब्रुवारीतच गेली." त्याने मला धुतलेला शर्ट दिला. "लॅबमध्ये कुणाला सांगितलं नाही. थंडी सोसत नाही म्हणाली. तत्त्वतः थंडीच."

"आणि वस्तुतः?"

"हे बघा, प्रश्न साधा आहे," सबनीस म्हणाला. मी ऐकायच्या तयारीने बसलो. पण तो उठून ओट्याशी गेला. कांदा घेतला आणि पोह्यांसाठी चिरायला लागला.

सोमवारी भुवईवर पट्टी लावून मी लंचरूममध्ये शिरलो तो डेलचा आवाज आला, "हे, मॅग्नम मॅन!" सगळे हसायच्या बेतात होते. तेवढ्यात सबनीस टेबलावरून उठून म्हणाला, "दुकानदाराने दुर्बीण एक इंच मागे बसवली होती. मी मोजली. तुझं पण कपाळ फुटलं असतं, डेल." आणि लगेच कागद काढून आकृती काढायला बसला. हसू जागच्या जागी विरलं. मोजलीबिजली काही नव्हती, रायफल तर माझ्या गाडीच्या डिकीत होती.

मग वॉल्टर आला आणि उभ्याउभ्याच म्हणाला, "सॅबी, तू चल कोलोरॅडोला. शिकार नको करू, तो तुझ्या डब्यातला पिवळा भात कर."

झालं. नऊ वर्षं मी ज्या वाक्याची वाट बघत होतो ते माझ्यादेखत दुसऱ्याला, आणि तेही खिचडीपायी!

"पण तुझी बायको?" डेल म्हणाला. "ती ड्राइव्ह करत नाही ना? आठवडाभर एकटी राहील?"

सबनीसने तोंड उघडलं. सगळ्या गावासाठी झटकन उत्तरं शोधणारा हा माणूस, त्याला स्वतःसाठी एक शब्द सापडेना. कान लाल झाले. तो कागदावरच्या दुर्बिणीवर रेघा ओढत राहिला.

"ती एकटी पडणार असेल तर राहू दे," वॉल्टर म्हणाला आणि चक्क माझ्याकडे वळला. "मग दुसरं कुणीतरी..."

मला फक्त गप्प बसायचं होतं. दहा सेकंद गप्प बसलो असतो तर ट्रकमधली जागा माझी होती.

"शी विल स्टे विथ अस," मी म्हणालो. "माझ्या बायकोने सगळं ठरवलंसुद्धा. दोघी मिळून दिवाळीचा फराळ करणार आहेत. चकलीला दोन माणसं लागतातच."

वॉल्टर म्हणाला, ग्रेट. सबनीसने माझ्याकडे बघितलं नाही. मला स्वतःचा इतका राग आला की मी त्याच्या डब्यातलं लोणचं न विचारता खाल्लं.

ते गेले. वसुधाला मी सगळं सांगून टाकलं होतं. वॉल्टरला एल्क मिळाला, एकाच गोळीत, जागच्या जागी. फोनवर डेलने सांगितलं तेव्हा मी अभिनंदन केलं आणि फोन जरा जोरात ठेवला. पण मी जे बोलून बसलो होतो त्याचं पुढे काय होणार, याचा विचार आम्ही कुणीच केला नव्हता. रविवारी संध्याकाळी वॉल्टरचा ट्रक आमच्या ड्राइव्हवेत येऊन उभा राहिला. सरळच होतं, सबनीसची बायको आमच्याकडे, मग सबनीसला सोडायचं कुठे?

सबनीस बॅग घेऊन दारात आला. मागे वॉल्टर इंजिन चालू ठेवून बसला होता. इथली माणसं सभ्य, पाहुणा आत गेल्याशिवाय हलत नाहीत. वसुधाने दार उघडलं, एकदा ट्रककडे बघितलं, एकदा सबनीसच्या चेहऱ्याकडे. मग घरात वळून तिने खणखणीत हाक मारली, "नीला! अगं नीला, आले बघ! ये लवकर!"

वॉल्टरला भाषा कळली नाही, नाव कळलं. त्याने हात हलवला, दोनदा हॉर्न दिला आणि ट्रक मागे घेतला.

पण मी सबनीसकडे बघत होतो. हाक ऐकली आणि तो टाचा उंचावून, वसुधाच्या खांद्यावरून, आमच्या घरात आत बघत होता. एक क्षणभरच. मग मी बघतोय हे त्याच्या लक्षात आलं. तो पायरीवर खाली बसला आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागला. शिकारीच्या बुटांना नाड्या फार लांब असतात.