हौसाक्कांचा केसपेपर

गेल्या मंगळवारी दुपारी सव्वाचारला भरे गावच्या हौसाक्कांना गावातल्याच हॉस्पिटलातून दंड धरून बाहेर काढलं. गुन्हा काय, तर आजार नसताना केसपेपर काढला.

हे त्या नेहमीच करतात. त्यांच्या वरच्या दोन खोल्यांत हॉस्पिटलातल्या नव्या नर्स भाड्याने राहतात. आक्का त्यांना ‘माज्या पोरी’ म्हणतात. पोरगी वेळेवर सुटली नाही की आक्का चालत जातात, खिडकीवर नाव सांगतात आणि खोकणाऱ्यांच्या रांगेत ऐटीत बसतात.

त्या दिवशी नर्सांच्या संघटनेची पत्रकं वाटायला मी तिथेच होते.

“काय होतंय, आजी?” डॉक्टरांनी विचारलं.

“मला काय धाड भरलीय? आमची शीतल आठला आली, दोनला सुटाया पायजे. चार वाजलं. ह्याच्यावर गोळी हाय का?”

“पुढची नर्स आली नाही. मी काय करू?”

“आली न्हाई का ठिवलीच न्हाई?”

रांग हसली. लगेच वॉचमन आला. “हात सोड,” आक्का म्हणाल्या, “तुज्या आईला वळखते मी.” त्याने सोडला नाही.

शीतल गेल्या वर्षी पास झाली. दोन वॉर्ड एकटीच्या गळ्यात. पोरी सोडून जातात तेव्हा व्यवस्थापन म्हणतं, आजकालच्यांना सोसत नाही. खोटं आहे! आक्कांकडच्या टिकतात. त्यांची सुटायची वेळ कुणाच्या तरी लक्षात असते, एवढंच.

त्या संध्याकाळी मी आक्कांच्या घरी गेले, तेव्हा शीतल बॅग भरत होती. राहा, असं आक्का म्हणाल्या नाहीत. भाताचं ताट पुढे सरकवलं. “जायाचं तर जा. जेवून जा.”

मग भांडी घासता घासता मला म्हणाल्या, “माजी सुमन बी नर्स झालती. रोज रडत यायची. मी म्हनायची, लई नखरं नगं, जा कामाला. तिनं नोकरी सोडली, मंग घर बी.”

“फोन करता का?”

“करते की. उचलत न्हाई.”

शीतलची बॅग भरलेलीच आहे. येत्या मंगळवारपर्यंत बघते, म्हणाली. आक्कांना आता गेटच्या आत घेत नाहीत.

तेव्हा मंगळवारी दुपारी दोनला, तिच्या सुटायच्या वेळी, तुम्ही सगळे हॉस्पिटलच्या गेटवर या. शीतल बाहेर येईपर्यंत हलू नका.