झाडाखालचे पस्तीस मिलिमीटर

"या वेळी मुदतवाढ खिशात!" जावई छाती फुगवून म्हणाला होता. नाही मिळाली, तर वनसंशोधन संस्थेतली त्याची कंत्राटी नोकरी महिनाअखेर संपली!

काम तसं सरळ होतं. पडलेल्या पावसातलं थोडं पाणी पानांवरच अडतं आणि तिथूनच वाळतं. ते किती, हे काढायचं. मोकळ्यावर एक डबा, झाडांखाली वीस, खोडावरून ओघळणाऱ्या पाण्याला वेगळी बाटली. मोकळ्यातल्या आकड्यातून खालच्या डब्यांची सरासरी आणि खोडावरचं पाणी वजा केलं, की उरलेलं झाडांनी ठेवून घेतलं!

शेवटच्या मोठ्या पावसाला नेमका त्याचा पाय मुरगळला, म्हणून डबे मोजायला सासरे गेले. सासरे निवृत्त मास्तर, अक्षर मोत्यासारखं. जावयानं डोळे झाकून आकडे भरले.

बैठकीत संचालक मॅडम तक्ता पाहून उभ्याच राहिल्या. "मोकळ्यावर एकतीस मिलिमीटर आणि झाडाखाली पस्तीस? झाडंच पाऊस पाडायला लागली?"

जावयाच्या तोंडचं पाणी पळालं! पण गप्प बसेल तो जावई कसला? "धुकं, मॅडम! पानं धुक्यातलं पाणी ओढून खाली सोडतात. नवा शोधच म्हणा ना!"

"थांबा! वीसच्या वीस डब्यांत बरोबर पस्तीस? एकातही चौतीस नाही?"

"मोजणी सासऱ्यांनी केली," जावई पुटपुटला. त्याला गाडीतून घेऊन आलेले सासरे बाहेरच बसले होते. त्यांना आत बोलावलं.

"खरे आकडे बघवत नव्हते हो, बाई!" सासरे कळवळून म्हणाले. "तेवीस, एकोणीस, सव्वीस... अख्खा वर्ग नापास! मग सगळ्यांना ग्रेस देऊन पस्तीसवर आणलं."

"आणि मोकळ्यावरचा डबा?"

"त्याला कसले ग्रेस? डोक्यावर फांदी नाही, कसली आडकाठी नाही. एवढी सोय असून एकतीस! मुद्दाम नापास ठेवला."

"मूळ आकडे कुठे आहेत?"

"रबरानं पुसले. वहीत खाडाखोड मला खपत नाही."

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. जावयानं आपली फाईल गोळा केली. सासऱ्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि हात जोडले.

"बाई, पोरगा मेहनती आहे. काठावर अडकलाय. या खेपेला ढकला वरच्या वर्गात."

बेचाळीस वर्षांचा जावई मान खाली घालून उभा! मॅडमनी बराच वेळ कपाळ चोळलं. मग एक कोरा कागद सासऱ्यांपुढे सरकवला.

"सहा महिने देते. पुन्हा डब्यांना हात लावणार नाही, असं लिहा आणि खाली सही करा. पालक म्हणून."