ऐकलंत का?

"फ्रिज दुरुस्त झाला एकदाचा," असं बायकोने आनंदाने सांगितलं आणि संगीतकारांच्या हातातून हेडफोन गळून पडला.

हे संगीतकार सुरातालातले नव्हेत. पंखे, नळ, लिफ्टचे दरवाजे यांचे आवाज पकडायचे, संगणकात घालून ताणायचे, पिळायचे आणि लोकांना ऐकवायचे, हा त्यांचा चोवीस वर्षांचा उद्योग. श्रोते साधारण अकरा असत, तेही मेहुण्याला धरून. यंदा मात्र पहिल्यांदाच एका मोठ्या सभागृहाने बोलावलं होतं. रविवारी दुपारी घरचा जुना फ्रिज रंगमंचावर ठेवून त्याची घरघर थेट ऐकवायची होती. पत्रिकेवर फ्रिजचा फोटोही छापून झाला होता.

"अगं, पण त्याला झालं काय होतं?"

"आवाज करत होता ना. चारचौघांत घरघरत बसला असता तर तुमचीच शोभा झाली असती. म्हणून मेकॅनिकला बोलावलं."

संगीतकारांनी मेकॅनिकला परत बोलावलं. "आवाज परत आणून द्या," ते म्हणाले.

"साहेब, मी आवाज घालवायला शिकलोय. आणायचं कोणी शिकवलं नाही."

तरी माणुसकी म्हणून त्याने मागचे दोन स्क्रू सैल केले. फ्रिज खडखडला.

"हा खडखडाट झाला. मला घरघर हवी."

मग एका पायाखाली लाकडाचा तुकडा सरकवून झाला. शेवटी संगीतकारांनी स्वतःच कॉम्प्रेसरवर पाना हाणला. फ्रिजने एक उसासा टाकला आणि तो कायमचा गप्प झाला. मेकॅनिकने पिशवी आवरली.

राहता राहिली जुनी रेकॉर्डिंग. त्यातली चांगली घरघर इतकी ताणून-पिळून झाली होती की तिच्यात फ्रिज ओळखू येईना. मूळ घरघर उरली होती फक्त 'कचरा' नावाच्या फोल्डरात. स्वयंपाकघरात रेकॉर्डिंग चालू असलं की बायको हमखास येऊन म्हणायची, "अहो, ऐकलंत का?" संगीतकार ओठांवर बोट ठेवायचे, ती निघून जायची. संगणकाच्या पडद्यावर आवाजाची रेघ जिथे उंचावलेली दिसेल तेवढा तुकडा ते कापून कचऱ्यात टाकत. तो ऐकायची गरज त्यांना कधी पडली नव्हती. आताही तेवढा वेळ नव्हता. त्यांनी सगळे तुकडे तारखेप्रमाणे एकापुढे एक जोडले आणि ते सभागृहात गेले.

रंगमंचावर मेलेला फ्रिज दिव्यांत उभा होता. घरघर सुरू झाली.

"अहो, ऐकलंत का? दूध उतू गेलंय." सभागृह हसलं. "अहो, ऐकलंत का? मला गाण्याच्या क्लासला जायचंय, जाऊ का?" लोक आणखी हसले. "अहो, ऐकलंत का? डॉक्टरांनी दोघांना बोलावलंय. बरं, जाते मी एकटी."

हसू कमी होत गेलं. "अहो, ऐकलंत का?... काही नाही." पुढच्या वर्षांत 'काही नाही' वाढत गेलं. शेवटी शेवटी तर नुसतं "अहो", आणि पुढे घरघर.

संगीतकारही हे पहिल्यांदाच ऐकत होते. त्यांना फार वाईट वाटलं, इतकं की टाळ्या सुरू झालेल्या त्यांना कळल्याच नाहीत. तीनशे माणसं उभी होती. एक समीक्षक त्यांचा हात धरून म्हणाले, "तुमच्याइतकं बारकाईने ऐकणारा माणूस मी पाहिला नाही." पहिल्या रांगेत बायको पर्सचा बंद बोटाला गुंडाळत बसली होती.

दुसऱ्या दिवशी नवा फ्रिज आला. ती त्याचे कप्पे पुसत होती. संगीतकार स्वयंपाकघराच्या दारात आले. काय बोलावं हे त्यांनी सकाळपासून ठरवलं होतं.

"अगं, ऐकलंस का?"

तिने वळून पाहिलं, ओठांवर बोट ठेवलं आणि पुन्हा फडकं उचललं.

आता ती हसेल म्हणून ते बराच वेळ दारात थांबले. नवा फ्रिज जरासुद्धा आवाज करत नव्हता.