कोपऱ्यापलीकडचे आबा

विजयाताई माणसाकडं बघण्याआधी त्याच्या पायाजवळच्या फरशीकडं बघतात. तासगावात नवीन राहायला आलो, तेव्हा मला वाटलं माझ्या चपलांना चिखल लागलाय. मग कळलं, या शेजारीणबाई कॉलेजात फिजिक्स शिकवतात आणि त्यांना कोपऱ्यापलीकडचं बघायचा नाद आहे.

"उजेड सांडतोय वो," त्या म्हणतात, "गोळा करायला कुणी न्हाई."

भिंतीआड कुणी हललं की त्याच्या अंगावरून परतलेला उजेड कोपऱ्याजवळच्या फरशीवर पडतो, डोळ्याला कळणार नाही इतका फिकट. ताई त्या फरशीवर कॅमेरा लावतात. लॅपटॉप तेवढाच फरक वाढवून दाखवतो आणि पडद्यावर एक रंगीत पट्टा सरकतो. कॉलेजच्या व्हरांड्यात त्यांनी हे मांडलं, तर प्राचार्य वळणावर दिसायच्या आधीच सगळा वर्ग उठून उभा. मुलांना शिस्त लागली, असं प्राचार्यांना अजून वाटतं.

माझ्या बायकोनं विचारलं, "ताई, याचा उपयोग काय?"

"उपयोग आपसूक हुडकत येतोय."

यंदा उन्हाळ्यात तो उपयोग हुडकत आला. ताईंच्या घरात त्या आणि वडील, दोघंच. आबा फौजेतले निवृत्त सुभेदार. घसरून पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी वॉकर धरून चालायला सांगितलं, पण आबा खाट सोडेनात. ताईंनी त्यांच्या खोलीबाहेर कॅमेरा बसवायचं काढलं, तर म्हणाले, "मी काय कैदी हाय व्हय?"

"तुमाला न्हाई आबा, दाराभायेरच्या फरशीला बघतीया."

"मग फरशीलाच बघ."

परवा दुपारी मी ताईंकडं द्राक्षं द्यायला गेलो. स्वयंपाकघरात चहा उकळत होता, ओट्यावर लॅपटॉप उघडा. पडद्यावर पट्टा सरकला, थांबला, पुन्हा सरकला.

"आबा चालतायत?" मी उठलोच.

"बसा," ताई हळूच म्हणाल्या. "माझ्यासमोर पाऊल टाकत न्हाईत. लेकीनं आपल्याला लटपटताना बघू नये, असं वाटतंय त्यांना. चाहूल लागली तर गडबडीत पडतील."

त्यांनी गॅस बारीक केला. आम्ही दोघं पट्ट्याचं जाणंयेणं बघत राहिलो. चहा आटून काळा झाला. पट्टा दिसेनासा झाल्यावरही ताई जरा थांबल्या. मग कपबशी मुद्दाम खडखडवत आत गेल्या.

"आबा, डोळा लागला व्हता का?"

"व्हय," आतून आवाज आला. चांगल्याच धापा टाकत.