बॅगेची रंगीत तालीम

"मतानं नाही, चाचणीनं ठरवायचं," सर म्हणाले आणि त्यांनी हॉलमधलं टेबल भिंतीकडे सरकवलं.

प्रश्न बॅगेचा होता. परदेशात शिकणाऱ्या लेकीच्या पदवीदान समारंभाला सर आणि काकू निघाले होते. विमान उद्या सकाळी होतं. विमानाची चिंता नव्हती. तिथे बॅगा दुसरेच लोक उचलतात. पण विमानतळापासून लेकीच्या शहरापर्यंत रेल्वेने जायचं होतं आणि मध्ये गाडी बदलायची होती. लेकीने फोनवर बजावलं होतं, "बाबा, लहान बॅगा आणा. गाडी बदलायला पाच-सहा मिनिटंच मिळतात आणि हमाल नाहीत. ती चुकली तर पुढची दुसऱ्या दिवशी. तोवर माझा समारंभ आटोपलेला असेल."

सर निवृत्त व्यायामशिक्षक होते. 'जमणार नाही' हे वाक्य त्यांनी आयुष्यभर मुलांच्या तोंडून ऐकलं होतं, स्वतः कधी उच्चारलं नव्हतं. खालच्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरीणबाईंकडून त्यांनी एक बॅग आणली होती. ती दारातून आत आली तेव्हा काकूंना क्षणभर वाटलं, पाहुणे आले.

"हिच्यात आपण दोघंही मावू," काकू म्हणाल्या. "माझ्या दोन लहान बॅगा पलंगाखाली तयार आहेत."

"दोन बॅगा म्हणजे दोन काळज्या. एक बॅग, एक काळजी."

काकू ग्रंथपाल होत्या. पुस्तक जितकं जाड, तितके ते घरी नेणारे कमी, हे त्यांनी रोज पाहिलं होतं. पण सर एव्हाना गळ्यात शिट्टी अडकवत होते.

सरावाची आखणी चोख होती. हॉल म्हणजे फलाट, पॅसेजचं दार म्हणजे डब्याचं दार आणि पॅसेजमधला माळा म्हणजे डब्यातली सामानाची फळी. सराव खऱ्यासारखा हवा म्हणून बॅग खऱ्या सामानाने भरली होती: कपडे, बूट, छत्र्या, दोर, टॉर्च, तो बंद पडला तर दुसरा टॉर्च, समारंभाचा कोट. आणि शेवटचं वजनही खरं असावं म्हणून पासपोर्ट आणि तिकिटं.

शिट्टी वाजली. सर बॅग घेऊन धावले. दारात ती अडकली तेव्हा त्यांनी तिला आडवी केली, मग तिरकी, मग खांद्याने एक धक्का दिला. चौकटीचा थोडा रंग निघाला. पॅसेजमध्ये ते स्टुलावर चढले, "हं!" असा आवाज काढून त्यांनी बॅग डोक्यावर उचलली आणि माळ्यावर ढकलली.

"बघितलंस? डब्यात चढून, सामान लावून मोकळा! अजून वेळ शिल्लक आहे."

"छान," काकू म्हणाल्या. "आता उतरवा."

बॅग उतरेना. माळ्याच्या कडेला लाकडी पट्टी होती. बॅग तिच्यावरून तिरकी आत गेली होती आणि आत गेल्यावर ऐसपैस उभी राहिली होती. चाकं पट्टीच्या मागे, डोकं छताला. सरांनी ओढलं. मग पाय भिंतीला लावून ओढलं. मग ते स्टुलावरून खाली आले, तेव्हा बॅगेची मूठ त्यांच्या हातात होती आणि बॅग होती तिथेच होती.

"मूठ तुटली?"

"निघाली," सर म्हणाले. "निघणं वेगळं, तुटणं वेगळं."

"पासपोर्ट आत आहेत ना?"

सरांनी दोर आणायला सांगितलं. दोरही आत होता. पट्टीमागे टॉर्च मारून बघावा म्हटलं, तर दोन्ही टॉर्च आत होते. शेवटी काकू सरळ जिना उतरल्या आणि डॉक्टरीणबाईंना घेऊन आल्या. त्यांना येताना पाहून सरांनी मूठ पाठीमागे लपवली.

डॉक्टरीणबाईंनी मान वर करून माळ्याकडे पाहिलं. "कधीपासून अडकलीय?"

"झाला असेल अर्धा तास."

"ओढली होती का?"

"थोडीशी."

"हीच चूक करतात सगळे. आधी ओढतात आणि मग माझ्याकडे येतात." त्या स्टुलावर चढल्या आणि दोन बोटांनी बॅग डावी-उजवी हलवून बघितली. "घट्ट आहे. पोटातलं सामान काढल्याशिवाय सुटायची नाही. बाजूची चेन हाताला येतेय. सर, तुम्ही या. हात घाला. आणखी आत. दुखलं तर डावा हात वर करा."

सरांनी डावा हात वर केला. त्यात मूठ होती. डॉक्टरीणबाईंनी ती पाहिली.

"परत आल्यावर नवी बसवून देतो," सर घाईघाईने म्हणाले.

"राहू द्या हो. ती बॅग घेऊन आम्ही आजवर कुठेच गेलो नाही. उचलणार कोण? मी तिच्यात जाड पांघरुणं ठेवते."

सर खांद्यापर्यंत बॅगेत शिरले आणि एकेक वस्तू खाली देऊ लागले. आधी पासपोर्ट आले, तेव्हा काकूंनी श्वास सोडला. मग तिकिटं. मग सामान. खाली काकूंनी आपल्या दोन लहान बॅगा उघडून ठेवल्या होत्या. वस्तू आली की त्या एकदाच विचारायच्या, "हे नसलं तर समारंभ थांबेल?" थांबणार असेल ती वस्तू बॅगेत, नाही ती बाजूला. कोट बॅगेत गेला. दुसरा टॉर्च बाजूला गेला. पहिलाही गेला. बुटांच्या तिसऱ्या जोडीला सरांनी वरूनच हरकत घेतली, पण त्यांचा हात अडकलेला असल्यामुळे ती मानली गेली नाही.

रिकामी झालेली बॅग दोनदा हलवताच खाली आली. "निघाली!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि सवयीने पुढे बोलून गेल्या, "आता दोन तास काही खाऊ नका."

परदेशातल्या त्या स्टेशनवर गाडी बदलायची वेळ आली, तेव्हा सर आधीपासून दारात उभे होते. दार उघडताच दोघं उतरले, जिना चढले, पूल ओलांडला, जिना उतरले. लहान बॅगा पोरांसारख्या मागे धावत होत्या. समोर गाडी उभी होती. दोघं चढले, बॅगा फळीवर अलगद बसल्या. सरांनी घाम पुसायला रुमाल काढला, तर घाम आलाच नव्हता. त्यांनी लेकीला फोन लावला.

"चढलोसुद्धा! दोन मिनिटं लागली असतील."

"बाबा, तुमची गाडी अजून फलाटावर लागली नाहीये. मला मोबाइलवर दिसतेय. तुम्ही तिच्या आधीच्या गाडीत बसलायत."

त्याच वेळी दारं बंद झाली आणि फलाट मागे सरकू लागला.

"काय म्हणतेय?" काकूंनी विचारलं.

"म्हणतेय की आपण फारच लवकर आलो."

काकूंनी फोन घेतला, लेकीचं बोलणं नीट ऐकलं आणि दोन्ही बॅगा खाली काढल्या. पुढच्या स्टेशनवर उतरायचं होतं. त्यांची गाडी मागून तिथेच येणार होती, पण ही गाडी तिथे जेमतेम थांबणार होती. ती थांबली, दोघं बॅगांसकट उतरले आणि लगेच दारं मिटली. मागची गाडी आली तेव्हा सर पुढे झाले. काकूंनी त्यांच्या दोन्ही हातांत एकेक बॅग दिली.

"तुम्ही ह्या धरा. पाटी मी वाचते."

पाटी बरोबर होती. संध्याकाळी लेक स्टेशनवर उभी होती, रडून आणि हसून लाल झालेली. "बाबा, माझा जीव टांगणीला लागला होता! कसा झाला प्रवास?"

सरांनी बॅगा खाली ठेवल्या आणि छाती पुढे काढली.

"उत्तम. पकडायच्या होत्या दोन गाड्या," ते म्हणाले. "आम्ही तीन पकडल्या."