कुलूप कंपनीतलं भगदाड

सकाळी दहा वाजता कुलुपांच्या कंपनीत पत्र आलं, की तुमच्या सगळ्या कॉम्प्युटरांची दारं सताड उघडी आहेत.

पत्र मुख्यालयाचं होतं. बसल्या जागेवरून दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये शिरून काम करायचं जे सॉफ्टवेअर शाखेतल्या एकेचाळीस कॉम्प्युटरांवर होतं, त्यात भगदाड सापडलं होतं. पासवर्ड न देता, पडद्यावर पानही हलू न देता कुणीही आत येऊ शकत होतं. ते बुजवायचा पॅच सोबत जोडला होता. दुपारी चारपर्यंत एक जरी कॉम्प्युटर राहिला, तर अख्ख्या शाखेचं नेटवर्क तोडू, असं शेवटी लिहिलं होतं, आणि खाली 'आपला विश्वासू'.

संगणक विभाग तातडीने कामाला लागला. म्हणजे खुर्ची पुढे ओढून बसला. हा विभाग म्हणजे सव्वीस वर्षांची एक मुलगी. सगळे तिला कॉम्प्युटरवाली म्हणत. तिची सहा महिन्यांची तात्पुरती नेमणूक त्याच संध्याकाळी संपत होती. मॅनेजरसाहेबांनी तिच्या नेमणुकीचा कागद समोर ठेवून सांगितलंही, "चारला बघू. नेटवर्क राहिलं तर तू राहशील."

अडीचपर्यंत चाळीस कॉम्प्युटर झाले. मग तिने एकेचाळिसावा उघडायला घेतला आणि पडद्याने सांगितलं, पासवर्ड चुकीचा आहे.

तो कॉम्प्युटर शहराच्या दुसऱ्या टोकाला, गोदामात, गोदामकाकांच्या टेबलावर होता. रस्त्याने दीड तास. तिने फोन लावला.

"काका, मी कॉम्प्युटरवाली. तुम्ही पासवर्ड बदललात का?"

"बदलला. सांगणार नाही."

"अहो, मीच आहे."

"मीच आहे असंच म्हणतात ते. आमच्या कॉम्प्युटरवालीने शिकवलंय."

हे खरं होतं. मागच्या महिन्यात तिने सगळ्यांना तासभर शिकवलं होतं, की फोनवर कुणी आपल्याच ऑफिसचं नाव सांगून पासवर्ड मागितला तर फोन ठेवून द्या. बाकीचे त्या तासाला डुलक्या काढत होते. काकांनी वहीत उतरवून घेतलं होतं.

"माझा आवाज तरी ओळखा ना, काका."

"आवाज हुबेहूब काढतात हल्ली. पान तीन. बाळ, बोलण्यावरून चांगल्या घरची वाटतेस. हा धंदा सोड." काकांनी फोन ठेवला.

सव्वातीन. ती साहेबांकडे धावली. साहेबांनी घसा साफ करून फोन लावला.

"नमस्कार काका, मी मॅनेजर बोलतोय. कृपया जरा सहकार्य कराल का?"

"नक्कल करायची तर धड कर रे. आमचे साहेब जन्मात कधी कृपया म्हणाले नाहीत."

मग साहेब ओरडले. इतके ओरडले, की पलीकडच्या खोलीतला शिपाई हजर झाला. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आता जरा जमलं," ते म्हणाले. "पण आधीच ओरडायला हवं होतंस." फोन बंद. पुढचे फोन काकांनी घेतलेच नाहीत. साहेबांचा आवाज बसला आणि ते गरम पाणी प्यायला निघून गेले.

पावणेचार. कॉम्प्युटरवालीने निराशेने मुख्यालयाचं पत्र पुन्हा उघडलं. पासवर्ड न देता कुणीही आत येऊ शकतं. हे वाक्य तिने सकाळपासून दहा वेळा वाचलं होतं. अकराव्यांदा ते तिला धोक्याची सूचना वाटेना. आमंत्रण वाटलं.

'हे अजिबात करू नये' अशा मथळ्याखाली कृती सविस्तर दिली होती. तिने ती ओळीने केली. तीन चोपन्नला ती भगदाडातून आत होती. समोर काकांची मालाची यादी, शेजारी काकांचा अर्धवट सोडवलेला पत्त्यांचा डाव. काळ्या सत्तीवर लाल छक्का लावायचा मोह तिने महत्प्रयासाने आवरला. पॅच टाकला, स्वतः बाहेर पडली आणि तिच्या मागे भगदाड कायमचं बुजलं. तीन अठ्ठावन्न. ती खुर्चीतल्या खुर्चीत दोनदा गरगर फिरली.

चार वाजून पाच मिनिटांनी काकांचाच फोन आला.

"पोरी, तुझ्या नावाने कुणी बाई फोन करत होती. साहेबांच्या नावाने एक टोळभैरवही होता. दोघांना वाटेला लावलं."

"शाबास, काका," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

तेवढ्यात साहेब आले. हातात तिचा कागद, चेहरा पांढराफटक.

"नेटवर्क वाचलं," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "पण मुख्यालयाचा फोन होता. तीन चोपन्नला कुणीतरी त्याच भगदाडातून गोदामाच्या कॉम्प्युटरमध्ये शिरलं. घुसखोर आपल्याच इमारतीतला आहे म्हणतात."

तिने तोंड उघडलं. साहेबांनी हात वर केला.

"आधी ऐक. चोर सापडेपर्यंत संगणक विभागातल्या एकालाही सोडू नका, असा हुकूम आहे. तपासही त्याच विभागाने करायचा." त्यांनी कागदावरचं 'तात्पुरती' खोडलं, वर 'कायम' लिहिलं आणि सही ठोकली. "चोर सापडायला किती वेळ लागेल?"

तिने कागद नीट घडी करून पर्समध्ये ठेवला.

"फार हुशार दिसतोय, सर," ती म्हणाली. "माझ्या निवृत्तीपर्यंत तरी लागेल."